त्रिनिदादचा चौताल शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या लोकांच्या गायनपरंपरेचा अभ्यास करायचा असेल, तर तिथला मुक्काम वसंत पंचमी ते फगवा, म्हणजे होळी, या काळात आणि त्यानंतर थोडे दिवस ठेवावा असे मी आवर्जून सुचवते. मंदिरांतून चौतालाच्या, म्हणजे होळीनिमित्त समूहाने गायच्या लोकगीतांच्या, बैठका वसंत पंचमी ते फगवा याच दिवसांत होतात. चटणी-सोका, म्हणजे भारतीय वळणाची चटणी गाणी आणि कॅरिबियन सोका यांच्या मिश्रणातले नाचाचे संगीत, ऐकून इकडे वळणारे पुष्कळ असतात, पण तो रंगमंचाचा प्रकार आहे. गाणे एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे कसे जाते, हे चौतालात अधिक स्पष्ट दिसते.

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून तिथे गेले आणि त्यांतले बहुसंख्य भोजपुरी पट्ट्यातले होते. त्यांचे वंशज आज घरीदारी इंग्रजी क्रिओल, म्हणजे इंग्रजीतून घडलेली तिथली बोली, बोलतात. चौतालाचे शब्द मात्र भोजपुरी, अवधी, ब्रजच राहिले असून अनेकांच्या वह्यांत ते रोमन लिपीत उतरवलेले असतात.

गायक आपल्या दिंडीतील टाळकऱ्यांसारख्या दोन रांगा करतात, पण समोरासमोर बसून. एका रांगेने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, ढोलकाने लय चढवायची आणि पुन्हा खाली आणायची, असे चालते. नवख्याला वेगळी शिकवणी सहसा कोणी देत नाही. रांगेच्या टोकाला झांज घेऊन बसावे, शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहत ओळीचा निदान शेवट तरी पकडावा, आणि लय चढली की शब्द सुटले तरी झांज सोडू नये. मुलेही अशीच तयार होतात.

हिंदी जाणणाऱ्यांनी, विशेषतः ख्याल शिकलेल्यांनी, जीभ आवरावी. तिथल्या ‘तान’ गायनात, म्हणजे चौतालाहून वेगळ्या, शास्त्रीय वळणाच्या स्थानिक गायनप्रकारात, ठुमरी, ध्रुपद ही नावे भेटतात, पण त्या नावांखालची चाल आणि मांडणी त्रिनिदादमध्ये घडलेली आहे. तिला बिघडलेली ठुमरी मानणाऱ्याचा अभ्यास तिथेच संपतो. गायकाने उच्चारला तसाच शब्द लिहून घ्यावा आणि आपला तर्क समासात ठेवावा.

लग्नाआधीच्या शुक्रवारी होणारा माटीकोर हा परंपरेने बायकांचा, त्यांच्या गाण्यांचा विधी आहे, तेव्हा घरच्या स्त्रियांनी बोलावल्याशिवाय, निदान पुरुषांनी तरी, तिथे जाऊ नये. ध्वनिमुद्रणाची परवानगी मुख्य गायकाकडून बैठकीपूर्वीच घ्यावी. शब्दार्थाचे प्रश्न मात्र फगवा उलटल्यावर विचारावेत. तेव्हा चौताल थांबलेला असतो आणि जाणत्यांना वही उघडून बसायला सवड असते.