छाती वर आली पाहिजे: श्वासमार्गाच्या सरावाची तयारी

एमबीबीएसचे चोवीस विद्यार्थी असतील तर मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, किमान चार डोकी लागतात. तीनच मिळाली की एकेका डोक्याभोवती आठ जण जमतात. पुढचे दोघे हात लावतात, मागचे मोबाइल बघतात. हा हिशेब आठवडाभर आधी करून ठेवा. बाकीची तयारी आदल्या संध्याकाळची. सकाळी करू म्हणाल आणि इथे गोव्यात पर्वरीच्या गर्दीत अडकाल, तर पेट्या उघडायच्या आत मुलं दारात उभी असतील.

पहिली पेटी अंबू बॅगची, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीची, उघडा आणि तिलाच सर्वांत जास्त वेळ द्या. प्रत्येक बॅगचं रुग्णाकडचं तोंड तळहाताने घट्ट बंद करून बॅग दाबा. हवा कुठूनही निसटता कामा नये. मग तोंड मोकळं करून पुन्हा दाबा, झडप उघडताना डोळ्यांनी बघा. हे मी सांगतो त्याला कारण आहे. एका सत्रात धुतलेल्या बॅगची झडप कुणीतरी उलटी बसवली होती. मुलं दाबत होती, छाती हलत नव्हती, आणि बिचारी स्वतःच्या हाताला दोष देत होती. मीही पंधरा मिनिटं ‘पकड सुधारा, पकड सुधारा’ करत फिरलो. चूक माझी होती, मी आदल्या दिवशी तपासलं नव्हतं.

मास्क ३, ४ आणि ५ नंबरचे ठेवा. काठाची हवा गेलेली असेल तर सिरिंजने भरा. मॅनिकिनच्या छातीच्या कातडीखालची फुप्फुसाची पिशवी फाटली नाही ना, हेही पाहा. डोकं मागे झुकवून हनुवटी उचलल्यावर छाती वर येते आणि मान सरळ ठेवल्यावर येत नाही, हा फरक दिसला पाहिजे. सगळा धडा त्या फरकात आहे. ई-सी पकड (अंगठा-तर्जनीचा ‘C’ मास्कवर, उरलेल्या तीन बोटांचा ‘E’ जबड्यावर) शिकवताना ती तीन बोटं जबड्याच्या हाडावर हवीत, खालच्या मऊ भागावर दाब पडला तर जीभच वर ढकलली जाते. लहान हातांच्या मुलींना एकटीने मास्क बसवणं जड जातं. त्यांना आधीच सांगा की दोघांनी मिळून करणं ही हार नाही, एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची. बॅग साधारण दीड लिटरची असते, मोठ्या माणसाला लागतात ५०० ते ६०० मिलिलिटर. म्हणजे पूर्ण पिळायची नाही, छाती उठताना दिसली की थांबायचं. श्वास थांबलेल्या पण नाडी असलेल्या रुग्णाला दर सहा सेकंदांनी एक श्वास. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ लावा, कारण घाबरलेला हात सहाच्या जागी दोन मोजतो.

ग्युडेल एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची वक्र नळी) ८०, ९० आणि १०० मिलिमीटरचे तिन्ही मांडा, आणि मुद्दाम चुकीच्या मापाचाही पुढे सरकवा. ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजायला कोण विसरतं ते तेव्हाच कळतं. वंगणासाठी सिलिकॉनचा स्प्रे नक्की घ्या. मॅनिकिनला नेहमीची जेली लावली की ती सुकून चिकटते आणि पुढच्या तुकडीला घशात एअरवे अडकलेला सापडतो.

लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघून श्वासनलिकेत नळी घालायचं दिव्याचं उपकरण, ठेवा, पण शेवटच्या टेबलावर, जमल्यास झाकून. तो दिसला की मुलं मास्क सोडून तिकडे धावतात. दिवा लागतो का, ३ आणि ४ नंबरची पाती आहेत का, ७ आणि ७.५ च्या नळ्यांचा फुगा हवा धरतो का, एवढं पुरे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी नळी घालता आली नाही तर काही बिघडत नाही. मास्कने श्वास देता आला नाही तर बिघडतं.

सरावासाठी प्रसंग लिहून न्या, आणि तो इथलाच असू दे. पावसाळ्याच्या तोंडावर कळंगुटच्या पाण्यातून बाहेर काढलेला तरुण, श्वास नाही. बुडालेल्याचं हृदय बहुधा प्राणवायू संपल्याने थांबतं, म्हणून इथे आधी श्वास द्यायचे, छाती दाबणं त्यानंतर. दुसरा प्रसंग पेडण्याच्या आजोबांचा: कवळी नीट बसलेली असेल तर मास्क लावताना ती काढू नका, काढली तर गाल आत जाऊन हवा निसटते. दाढीवाला मॅनिकिन बाजारात मी पाहिलेला नाही, पण दाढीवर मास्क घट्ट बसत नाही ही अडचण तोंडी तरी सांगा. आजोबांच्या नातवाचं काम एखाद्या विद्यार्थ्याला द्या, म्हणजे मराठी-कोंकणीत ‘काय झालं, सांगा’ म्हणणाऱ्या माणसासमोर हात चालवायची सवय होते.

सत्र संपल्यावरची यादीही आधीच कागदावर हवी. तोंडाचे भाग पुसायचे, फुप्फुसाच्या पिशव्या बदलायच्या, बॅग धुऊन पूर्ण सुकल्यावरच जोडायची आणि जोडणाऱ्यानेच पुन्हा तळहात लावून तपासायची. लॅरिंगोस्कोपच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवायच्या. जूनच्या दमट हवेत दोन महिने आत राहिल्या की त्या पाझरतात, आणि मग हँडलच फेकून द्यावं लागतं.