घरातले माणूस समुपदेशनाला तयार नसेल तर

नाशिकमधील सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला, झोप उडालेला माणूस ‘मी काय वेडा आहे का?’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला धास्ती असते ती कॉलेज रोडवरच्या दवाखान्याच्या जिन्यात कोणी ओळखीचे भेटण्याची. म्हणून वाद न घालता आधी त्याला ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर घरूनच मराठीत बोलू द्यावे, उपचारांची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, हेही सांगावे. समुपदेशक झोप, भूक, कामाचा ताण यांची चौकशी करतो आणि (सल्ले द्यायला नातेवाईक पुष्कळ असतात) मुख्यतः ऐकून घेतो. औषधे लागलीच तर ती मनोविकारतज्ज्ञ देतात. जीव देण्याची भाषा निघाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.