मुलांवर संस्कार करताना या चुका टाळा

पाच वर्षांचं मूल आईला मदत म्हणून शेंगाचटणीची बरणी उचलतं, ती निसटते आणि अर्धा किलो चटणी फरशीवर. दुसऱ्या दिवशी तेच मूल लाडू चोरून काढताना एक वाटी फोडतं. ओरडा कधी जास्त बसतो? बहुतेक घरांत बरणीला. गाडी इथंच चुकते. लहान मुलं चूक केवढी हे हेतूवरून नाही, नुकसानीवरून ठरवतात, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 मध्ये मांडलं. वयाच्या सातेक वर्षांनंतर हेतूला वजन येतं. आपणही नुकसान मोजूनच रागावलो तर त्यांचा कच्चा हिशेब पक्का होतो. आधी ‘काय करत होतास?’ विचारा, मग हातात फडकं द्या (काच तुम्ही उचला). लाडवाबद्दल वेगळं बोला.

खोटं बोलणं 2–3 वर्षांपासूनच सुरू होतं. आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, हे मुलाला उमगू लागल्याची ती खूण, तेव्हा घाबरू नका. पण सापळा लावू नका. पैसे कुणी घेतले हे माहीत असताना ‘तू घेतलेस का?’ विचारलं की खोटं आपणच वदवून घेतो. त्याऐवजी म्हणा, ‘पाकिटातले 20 रुपये तू घेतलेस, मला कळलंय. कशाला हवे होते?’ कबूल केलं तर पैसे परत करायला लावा, मारू नका. कबुलीला मार मिळाला की पुढची कबुली येत नाही.

बारा पूर्ण झालेल्या मुलाला एसटीत ‘कंडक्टरनं विचारलं तर अकरा सांग’ म्हणायचं आणि घरी खरेपणावर प्रवचन द्यायचं, हे तर नकोच. मुलं प्रवचन सोडतात, अकरा उचलतात.

मदतीला दर वेळी चॉकलेट देऊ नका. बक्षीस मिळालेली 20 महिन्यांची बाळंही पुढं कमी मदत करतात, असं प्रयोगात दिसलं आहे.

चपला दाराबाहेर काढणं आणि भावाला मारणं, दोन्हींना एकच आवाज लावू नका. पहिली घराची रीत, दुसऱ्यात कुणाला तरी लागतं. हा फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो. ‘मी सांगितलं म्हणून’ या उत्तरानं आपणच तो पुसतो.

सोलापुरात सर्वांत जपायची गोष्ट वेगळीच. इथं एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडते. शेजारच्या मुलांत खेळायला ही शिदोरीच, पण ‘ती लोकं तसलीच’ असं मोठ्यांचं एक वाक्य ती नासवतं. अशी सरसकट वाक्यं ऐकून चार वर्षांचं मूलही तो स्वभाव त्या गटाच्या रक्तातच आहे, असं धरून चालतं. माणूस आणि त्याची कृती सांगा: ‘त्या दुकानदारानं काटा मारला.’ जात-भाषा जोडू नका. आजोबांच्या तोंडून तसं गेलंच तर मुलासमोर वाद नको. ‘कोण हो आजोबा, तो कोपऱ्यावरचा का?’ एवढं विचारलं तरी गोष्ट पुन्हा एका माणसापुरती होते.