बिटकॉइन नोड: ८३३३ उघडा, ८३३२ बंद

भाड्याच्या सर्व्हरवर बिटकॉइन कोअर (नोड, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यातला एक संगणक, चालवणारा प्रोग्राम) चालवताना दोन पोर्टांत, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारांत, गल्लत करू नका. ८३३३ वरून तुमचा नोड इतर नोडशी बोलतो, तो खुशाल उघडा ठेवा. ८३३२ वरून मात्र नोडला हुकूम सोडता येतात. तो इंटरनेटवर दिसताच कामा नये. घरून वापरायचा असेल तर एसएसएच टनेलमधून, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या कूटबद्ध जोडणीतून, या. लॉगिन पासवर्डने नको, की-फाइलनेच (तुमच्या संगणकावरच्या गुप्त किल्लीच्या फाइलने). फायरवॉल सुरू करण्याआधी २२ नंबरला (एसएसएचच्या पोर्टला) परवानगी द्या, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल! डिस्क लहान असेल तर सेटिंगमध्ये प्रून ५५० करा (ब्लॉकसाठी सुमारे ५५० एमबी जागा): जुने ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे, तपासून झाले की पुसले जातात. आणि कृपा करून पैशांचं वॉलेट तिथे ठेवू नका. यंत्र दुसऱ्याचं आहे, त्याची डिस्क तो वाचू शकतो.