कासवाच्या पिल्लाची टाकी: आधी ऊन, मग पाणी (या चुका टाळा)

भाच्याने वाढदिवसाला हट्ट करून आणलेलं कासव रुपयाच्या नाण्याहून जेमतेम मोठं होतं. सोबत प्लॅस्टिकचं भांडं, मधोमध बेट, बेटावर प्लॅस्टिकचाच माड. 'एवढंच राहतं हे,' असं दुकानदार म्हणाला. तीन महिन्यांत त्याची पाठ बोटाने दबायला लागली, डोळे सुजून मिटले, आणि तेव्हा कुठे आम्ही वाचायला बसलो.

दुकानात 'पाण्यातलं कासव' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर असतं. डोळ्यामागे लाल पट्टा ही त्याची खूण. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर त्याहून लहान राहतो. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी घेतलेलं कासव त्याच्या लग्नालाही घरात असू शकतं.

माशांची टाकी समजून भरलेलं पाणी

टाकी म्हटली की आपल्या डोळ्यासमोर पाणीच येतं. पण हे कासव दिवसातले कित्येक तास पाण्याबाहेर, कोरडं होऊन, ऊन खात बसणारं. त्यामुळे टाकी आखताना सुरुवात बसायच्या जागेपासून करा. ती पूर्ण कोरडी हवी, सगळं अंग मावेल एवढी हवी आणि वर चढायला खरखरीत उतार हवा. शहाबादी फरशीचा कडा घासलेला तुकडा छान चालतो, मात्र तो टेकू देऊन पक्का बसवा. निसटला तर काच जाईल, नाहीतर पिल्लू खाली अडकून बुडेल. हो, कासवही बुडतं. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं.

या जागेवर दोन प्रकारचा प्रकाश लागतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक दिवा उबेचा. साधा हॅलोजन स्पॉट पुरतो, फक्त बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश तापमान मिळायला हवं. ते हात लावून ठरवू नका, थर्मामीटर ठेवा. दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचा. यूव्हीबी किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात जातं. आमच्या पिल्लाची पाठ दबत होती ती हे किरण न मिळाल्यामुळेच. घरातल्या पांढऱ्या एलईडीतून यूव्हीबी मिळत नाही. 'पण आमची टाकी खिडकीत आहे' हेही कामाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. दिवा आणि कासव यांच्यामध्ये काचेचं किंवा प्लॅस्टिकचं झाकणही नको. दोघांमधलं अंतर खोक्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवा. दोन्ही दिवे दिवसाला दहा-बारा तास चालू आणि रात्री बंद. टायमर लावला की विसरायची भीती नाही. यूव्हीबी दिवा दिसायला पेटत असला तरी त्यातले किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो.

खरं ऊन फुकट आहे, ते द्याच. पण काचेची टाकी उन्हात ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं. रुंद टबात थोडं पाणी घ्या, अर्ध्यावर सावली करा आणि सकाळी वीस मिनिटं समोर बसा. उठून चहा टाकायला गेलात तर कावळा वाट बघतोच आहे.

आकाराचा हिशेब

पाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला सुमारे १५ लिटर पाणी, असा ढोबळ नियम आहे. तीन फुटी टाकी (९० × ४५ × ४५ सेंटिमीटर) ३० सेंटिमीटर भरली की सुमारे १२० लिटर होतात, म्हणजे आठ सेंटिमीटरच्या पिल्लापर्यंत सोय झाली. वरची १५ सेंटिमीटर रिकामी ठेवायची, कारण ही पोरं चढून पळतात. पाण्यानेच सव्वाशे किलो वजन होतं, तेव्हा टीपॉयवर टाकी मांडायचा विचार सोडून द्या. पिल्लाला 'बुडेल' म्हणून बोटभर पाण्यात ठेवणं हीसुद्धा चूकच. उलटं पडलं तर सरळ होण्यापुरती खोली लागते, ती त्याच्या लांबीपेक्षा जास्तच हवी.

तळाला रंगीत बारीक खडे घालू नका. कासव ते गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ रिकामा ठेवला तर स्वच्छ करायलाही सोपा.

दोन दिवसांत वास का येतो?

कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. त्यामुळे फिल्टर घेताना टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू विष्ठेतला अमोनिया पचवतात, आणि ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? दर रविवारी स्पंज नळाखाली धुऊन लख्ख करतो. क्लोरिनने जिवाणू मरतात आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, आणि दर आठवड्याला चौथाई ते अर्धं पाणी बदला. नळाच्या पाण्यात आधी क्लोरिन काढायचं औषध घाला.

हे सगळं करूनही वास आला तर खाणं जास्त होतंय. कासव कायम भुकेलं दिसतं, त्याला भुलू नका. पिल्लाला रोज त्याच्या डोक्याएवढं खाणं पुरतं.

खाण्यात मुख्य चूक म्हणजे नुसती वाळकी कोळंबी. डबीवर कासवाचं चित्र असलं तरी ते पूर्ण अन्न नव्हे. कासवासाठी बनवलेल्या गोळ्या हा पाया ठेवा, कोळंबी अधूनमधून चैन म्हणून. पोळी, भात, ब्रेड नको. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या आतल्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा पाण्यात सोडला तर ते कुरतडत राहतं आणि कॅल्शियम मिळतं.

पुण्या-नाशिकची थंडी

डिसेंबरात टाकीचं पाणी २० अंशांच्या खाली जातं आणि कासव खाणं सोडतं. 'झोपलंय' म्हणून स्वस्थ बसू नका. पिल्लाला पाणी २५ ते २८ अंश लागतं. लिटरला एक वॅट या अंदाजाने हीटर घ्या आणि त्याला जाळी लावा, नाहीतर कासव चिकटून भाजतं. पाणी बदलताना हीटर बंद करायचा, हे टाकीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. आम्ही एक फोडलाय.

असं दिसलं तर

बसायच्या जागेवर चढतच नाही: उतार गुळगुळीत किंवा उभा आहे, दिवा गार आहे, किंवा टाकी टीव्हीशेजारी आहे आणि ते घाबरलंय.

दिवसभर बाहेरच बसतं: आधी पाण्याचं तापमान बघा.

पाठीवरून पातळ पारदर्शक पापुद्रे निघतात: वाढीचं लक्षण, सोलू नका. खड्डे आणि घाण वास असेल तर मात्र कवच सडतंय.

तिरकं पोहतं, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेतं: न्यूमोनियाची शंका घ्या. डोळे सुजले तर अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा घाण पाणी. या दोन्हींत, तसंच पाठ मऊ लागली तर, दुकानातले थेंब घालत बसू नका. सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठा. आमच्या कासवाला बरं व्हायला चार महिने लागले.

पाणी बदललं, कासव हातात घेतलं की साबणाने हात धुवा. साल्मोनेला जिवाणू दिसायला निरोगी कासवाच्या अंगावरही असतो. टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव देऊच नका.

आणि आणलेलं पिल्लू पाठीवर चांदण्या असलेलं किंवा मुळातच मऊ पाठीच्या जातीचं (आजारपणाने मऊ झालेलं नव्हे) निघालं, तर टाकीचा प्रश्नच संपला. चांदणी कासव जमिनीवरचं, पाण्यात टाकलं तर मरेल. शिवाय ही देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्लायडर मोठं झालं म्हणून तळ्यात सोडणंही तितकंच वाईट. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा ते बळकावतं. आमचं आता १७ सेंटिमीटरचं झालंय. चार फुटी टाकीसाठी सोफा विकला.