पावसाळी सकाळी जुनी कार्ब्युरेटर गाडी पेटत नसेल तर

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) स्क्रूला आधी हात लावू नका. गोव्यात हरमलपासून काणकोणपर्यंत खारा वारा, त्यात जूनपासूनची ओल. इथे मारुती ८०० किंवा पद्मिनी सकाळी अडते ती बहुतेक वेळा ठिणगी कमी पडल्यामुळे. स्क्रू फिरवून ठिणगी सुधारत नाही, उलट बसलेलं ट्यूनिंग जातं.

सेल्फचा (चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरचा) आवाज ऐका. इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल तर बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. किनाऱ्यालगत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर लवकर धरतो. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा, कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून घासा, सुकवा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. इंजिन गाडीच्या सांगाड्याला जोडणारी अर्थिंगची पट्टीही घासा. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्षच जात नाही.

इंजिन जोमाने फिरतं, पण पेटत नाही? एअर क्लीनरचं झाकण काढा. हाताचा चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी खेच) पूर्ण ओढल्यावर आतली पाकळी पूर्ण मिटायला हवी. अर्धवट राहत असेल तर केबल ढिली झालीय किंवा गंजलीय. मग चोक आत ढकलून, इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली नाही तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) बहुधा रिकामा आहे: पेट्रोल रात्रीत उडून गेलं किंवा पंपाची झडप धरत नसल्याने मागे उतरलं. पेट्रोलचे रबरी पाइपही चाचपा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर फुगतं, भेगाळतं आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. हे करताना जवळ विडी-काडी नको.

आता एक प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला, वास मारणारा असेल तर पेट्रोल भरपूर आहे, जाळायला ठिणगी नाही. वारंवार पाय मारल्यानेही असं होतं, कारण प्रत्येक दाबाला एक पिचकारी आत जाते. तेव्हा चोक पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, न सोडता दहा सेकंद सेल्फ मारा.

तरीही नाही, तर डिस्ट्रिब्युटर कॅप (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण) उघडा. खरं काम इथेच असतं. आतून दव धरलं असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्या. उजेडात धरल्यावर केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदलाच. ओल आली की करंट त्याच रेघेने इंजिनाच्या धातूत निसटतो, पुसून ती जात नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा खालीवर व्हायला हवा. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत ते पूर्ण उघडे असताना फट ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. खड्डे पडलेले पॉइंट घासत बसू नका, कंडेन्सरसकट नवे घाला. मारुती ८००च्या प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी.

प्लगच्या वायरी एकेकच काढून लावा. क्रम चुकला तर नवीच डोकेदुखी. त्यांची परीक्षा काळोखात होते. इंजिन चालू ठेवा, बोनेट उघडा, वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, हात लांब. निळ्या ठिणग्या नाचल्या तर पूर्ण संच बदला.

आणि रात्री बोनेटवर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. गाडी पडवीत, वारा खेळेल अशी ठेवा.