अमेरिकेतील जुन्या शेतकरी कुटुंबाचा माग : मृत्युपत्रे, वाटण्या आणि जमिनीचे कागद कसे वाचावेत

अमेरिकेच्या जनगणनेत १७९० पासून १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. घरातील बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी दाखवलेली असत. गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव १८५० मध्ये आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० मध्ये प्रथमच नोंदले गेले. त्यामुळे अठराव्या शतकातील एखाद्या शेतकरी घराण्याची वंशावळ जुळवायची असेल, तर जिथे चर्चची दप्तरे टिकलेली नाहीत तिथे मृत्युपत्रे, जिंदगीच्या (म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेच्या) याद्या, वाटणीपत्रे आणि खरेदीखते यांवाचून फारसा आधार उरत नाही. हे कागद वाचताना नावापेक्षा जमिनीच्या तुकड्याचा माग काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आजोबांचे नाव नातवाला, काकांचे पुतण्याला, असे करीत दोन-तीन नावे शंभर वर्षे फिरत राहतात. जमीन मात्र एकच असते आणि तिच्या चतुःसीमा सहसा ओळखता येतात. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी आपला कोणता, याचा निवाडा शेवटी तिच्यावरूनच होतो.

पहिले काम दप्तर कोठे आहे ते ठरवण्याचे. बहुतेक राज्यांत वारसाची कागदपत्रे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, न्यायालयात असतात. कनेक्टिकट आणि व्हरमाँटमध्ये मात्र त्यासाठी स्वतंत्र प्रोबेट (वारसाविषयक न्यायालयाचे) जिल्हे होते आणि ऱ्होड आयलंडमध्ये हे काम गावपातळीवरच चाले. काउंट्या वारंवार फोडून नव्या केल्या गेल्या, पण जुने कागद मूळ काउंटीतच राहिले. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे खापरपणजोबा मॉर्डेकाय लिंकन १७३६ मध्ये वारले. त्यांचे शेत आज पेनसिल्वेनियाच्या बर्क्स काउंटीत दाखवतात, परंतु ती काउंटी १७५२ मध्ये निर्माण झाली. त्यांच्या मृत्यूच्या वेळी तो सारा भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता आणि म्हणून मृत्युपत्रही फिलाडेल्फियाच्या दप्तरात शोधावे लागते. कागद सापडला नाही म्हणजे तो नव्हताच, असे ठरवण्याआधी त्या वर्षीची काउंटीची हद्द नकाशावर पाहावी. काही ठिकाणी मात्र दप्तरच नष्ट झाले आहे. व्हर्जिनियातील हॅनोव्हर काउंटीचे बरेचसे जुने कागद रिचमंडला सुरक्षित राहतील म्हणून पाठवले होते आणि १८६५ च्या एप्रिलमधील आगीत ते तेथेच जळाले.

फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर काउंट्यांच्या वारसा आणि जमीन दप्तरांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. २०२४ पासून तेथे हस्तलिखित मजकुरातही शब्द शोधण्याची सोय झाली. तिचा खरा लाभ असा की सूचीत फक्त मृताचे किंवा खरेदी-विक्री करणाऱ्याचे नाव असते, तर या शोधात साक्षीदार, शेजारी आणि जामीनदारही सापडतात. आडनाव मात्र चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहावे. लिंकन हे नाव लिंकहॉर्न असेही लिहिलेले आढळते. शक्य तेथे कारकुनाने वहीत उतरवलेल्या नकलेवर न थांबता मूळ सुट्या कागदांचे पाकीट मागवावे, कारण पावत्या, जामीनकतबे आणि वारसांच्या सह्या त्यातच असतात.

मृत्युपत्राची तारीख वाचताना १७५२ चा कालगणनेतील बदल लक्षात ठेवावा. त्यापूर्वी ब्रिटिश वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातील तारखेपुढे दोन वर्षे जोडून लिहीत. मॉर्डेकाय यांचे मृत्युपत्र फेब्रुवारी १७३५/३६ मधले आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १७३६ मधले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक तर महिन्यांची नावे न लिहिता क्रमांक लिहीत, आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता.

नात्यांच्या शब्दांनी तर अनुभवी संशोधकांनाही चकवले आहे. ज्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आज जावई असा होतो, तो त्या काळी सावत्र मुलासाठीही वापरीत. चुलतभावासाठीचा शब्द पुतण्या-भाच्यालाही लावीत. ‘माझी आताची पत्नी’ असे लिहिले म्हणून आधी दुसरी पत्नी होती असे सिद्ध होत नाही. एकाच नावाच्या दोघांपुढे थोरला आणि धाकटा अशा अर्थाची अक्षरे दिसली, तर ते बापलेक नसून केवळ एका गावचे दोन रहिवासी असू शकतात. न्यायालयाच्या कागदात ‘अनाथ’ म्हटलेल्या मुलाची आई बहुधा जिवंत असते. वडील वारले की मूल अनाथ गणले जाई, कारण पालक नेमण्याचा प्रश्न जमिनीमुळे उभा राहत असे. चौदा वर्षांचे झालेले मूल स्वतःचा पालक निवडू शके, त्यामुळे पालक नेमल्याच्या नोंदीवरून मुलाच्या वयाचाही अंदाज येतो.

मृत्युपत्र ही कुटुंबाची संपूर्ण यादी नव्हे. एखाद्या मुलाला केवळ एक शिलिंग दिलेला दिसला की बापाने त्याला बेदखल केले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पुष्कळदा त्या मुलाला लग्नाच्या वेळीच जमीन मिळालेली असते आणि त्याने पुन्हा हक्क सांगू नये म्हणून हा शिलिंग लिहिलेला असतो. लेकींना त्यांचा वाटा गाय, अंथरूण-पांघरूण आणि भांडी यांच्या रूपाने आधीच पोचलेला असतो. म्हणून मृत्युपत्राच्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांतील खरेदीखते तपासावीत. नाममात्र किमतीला किंवा ‘प्रेम आणि ममतेपोटी’ दिलेली जमीन त्यात सापडली, तर मृत्युपत्रातील अबोल्याचा उलगडा होतो. मॉर्डेकाय यांनी पहिल्या पत्नीपासून झालेल्या जॉन या मुलाला पेनसिल्वेनियातील शेतात वाटा न देता न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन दिली. पुढे ती विकताना जॉनने खतात स्वतःला मॉर्डेकायचा पुत्र व वारस म्हणवून घेतले, आणि त्यामुळे नंतर व्हर्जिनियाला गेलेला जॉन तोच, ही साखळी जोडता आली. त्याच मृत्युपत्रात अजून न जन्मलेल्या अपत्याचीही तरतूद आहे.

माणूस मृत्युपत्र न करता वारला असेल, तर त्या वसाहतीचा वारसा कायदा हेच त्याचे मृत्युपत्र समजावे. न्यू इंग्लंडमधील मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट येथे, तसेच पेनसिल्वेनियात, अमेरिकी क्रांतीपूर्वी थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे आणि बाकीच्या मुलामुलींना समान वाटे मिळत. व्हर्जिनियात सारी जमीन थोरल्याकडे जाई. विधवेला पतीच्या जमिनीच्या एक-तृतीयांशावर तहहयात हक्क असे. येथे अपूर्णांक फार उपयोगी पडतात. कोणी आपला ‘अविभक्त एक-सप्तमांश’ हिस्सा विकत असेल, तर सात वारस होते असे धरता येते. पण दुप्पट वाट्याच्या प्रदेशात सात भाग म्हणजे सहाच मुले. पुढच्या खतात एक-एकविसांश दिसला, तर सातांपैकी एक अपत्य तीन मुले मागे ठेवून आधीच वारले असावे. असा हिशेब कागदावर मांडावा. बेरीज एक येत नसेल, तर एखादा वारस आपल्या नजरेतून सुटलेला आहे.

विधवेच्या एक-तृतीयांश हिश्श्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि बहुतेक हौशी संशोधक नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. तिच्या मृत्यूनंतर तो तुकडा पुन्हा वाटला जाई. बापाच्या निधनानंतर वीस-तीस वर्षांनी झालेल्या या वाटणीत लेकींची सासरची नावे, जावयांच्या सह्या आणि दूरच्या राज्यात गेलेल्या भावाचे मुखत्यारपत्र एकत्र सापडते. आपल्याकडे वारसाची नोंद फेरफारात होते आणि सातबाऱ्यावर नावे चढतात. तिकडे असा उतारा नव्हता, त्यामुळे वारशाने आलेली जमीन पुष्कळदा कोणत्याही खताशिवाय मुलाकडे जाई. एखाद्याने जमीन विकलेली दिसते पण घेतलेली कधीच दिसत नाही, तर ती वडिलांकडून किंवा सासऱ्यांकडून आली असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

जिंदगीची यादी कंटाळवाणी वाटली तरी पूर्ण उतरवून घ्यावी. नांगर, माग, दारू गाळण्याचे पात्र, बायबल यांवरून घराचा व्यवसाय आणि ऐपत कळते. मूल्य ठरवणारे शेजारी अनेकदा नातलग निघतात. दक्षिणेकडील याद्यांत गुरांच्या बरोबरीने गुलाम माणसांची नावे आणि किमती लिहिलेल्या आढळतात. व्हर्जिनियाने १७०५ च्या कायद्याने वारसासाठी त्यांना स्थावर मालमत्ता ठरवले होते. स्वतःच्या शोधात ती नावे लागत नसली तरी ती वगळू नयेत. १८७० पूर्वीच्या जनगणनेत ज्यांच्या पूर्वजांची नावेच नाहीत, अशा कुटुंबांना पुष्कळदा एवढाच कागदी पुरावा मिळतो.

मृत्यूची तारीख शक्य तर महिन्यापर्यंत निश्चित करावी. जॉन लिंकन यांचा मुलगा अब्राहम, म्हणजे अध्यक्षांचे आजोबा, १७८६ च्या मे महिन्यात केंटकीत मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. मृत्युपत्र नव्हते, आणि केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होती. सर्व मुलांना समान वाटा देणारा व्हर्जिनियाचा कायदा १७८५ मध्ये संमत झाला होता, परंतु तो अंमलात आला १ जानेवारी १७८७ रोजी. त्या सात-आठ महिन्यांच्या फरकाने जमिनीचा वारस त्यांचा थोरला मुलगा (त्याचेही नाव मॉर्डेकाय) ठरला. धाकट्या थॉमसला, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांना, १८०३ मध्ये हार्डिन काउंटीत २३८ एकरांचे पहिले शेत स्वतःच्या पैशांनी विकत घ्यावे लागले. अब्राहम यांचा मृत्यू जेफरसन काउंटीत झाला, पण त्यांच्या चीजवस्तूंची यादी कुटुंब पुढे ज्या नेल्सन काउंटीत राहायला गेले तेथील दप्तरात आहे.